मनगटातून शिरलेले पाणी

पाण्यात थंडी कोठून वाजू लागते, असे मला कोणी विचारले तर मी मनगटापासून असे सांगेन. हे पुस्तकी ज्ञान नव्हे. मामाचे घर मालवणला. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुटीत तेथे राहून मी स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे, शिक्षण घेतले. ज्यांच्याकडे शिकलो त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. माणसे चांगली होती, शिकवणेही चोख होते. तोटा होता तो वेटसूटांचा. माझ्या वाट्याला जो आला तो माझ्या दीडपट माणसासाठी शिवलेला असावा. काखेत झोळ, कमरेमागे पोकळी, आणि मनगटे तर विचारूच नका. माझे मनगट, आईच्या भाषेत सांगायचे तर, शेवग्याच्या शेंगेएवढे. त्या काळ्या बाहीतून ते घंटेच्या लोलकासारखे हलत होते.

समुद्र आपला, ऊबदार. सत्तावीस अंशांच्या आसपासचे पाणी. त्यात कसली आली आहे थंडी, असे मलाही वाटले होते. पहिली दहा मिनिटे मासे पाहण्यात गेली. मग हात हलवला की गार पाण्याची एक रेघ बाहीतून कोपरापर्यंत सरकू लागली. वळलो की मानेतून दुसरी. अर्ध्या तासाने वर आलो तेव्हा दात वाजत होते आणि होडीतली मंडळी हसत होती. माझ्याबरोबर कोल्हापूरची एक मुलगी उतरली होती. तिला सूट अंगासरशी बसला होता. तेच पाणी, तेवढाच वेळ. ती होडीत बसून निवांत शेंगदाणे खात होती. मी मात्र मामीच्या शालीत गुरफटून घरी गेलो.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. पण पुढच्या सत्रात अर्थशास्त्राच्या तासाला दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या निमित्ताने प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा विषय निघाला, आणि सरांनी जाता जाता त्यांच्या कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेत कुडता घालून वावरणाऱ्या एका धिप्पाड इंग्रज शास्त्रज्ञाचा उल्लेख केला. नाव : जे. बी. एस. हाल्डेन. नाव ऐकलेले होते, माहिती शून्य. ग्रंथालयात जाऊन त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि त्यांच्या बालपणाशीच अडखळून थांबलो. तेरा वर्षांचा एक मुलगा, स्कॉटलंडचा समुद्र, मोठ्या माणसाचा पाणबुड्याचा पोशाख, आणि मनगटातून आत शिरणारे पाणी! मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखे झाले. हा लेख त्या ओळखीतून झाला आहे.

जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचा अभ्यास करणारे नामांकित शरीरशास्त्रज्ञ. खाणी, गटारे, बोगदे, जेथे जेथे माणसे कोंदट हवेत काम करून मरत, तेथे तेथे हे गृहस्थ स्वतः उतरत आणि तेथील हवा आपल्याच छातीत भरून पाहत. मुलगा चालू लागला तसा तोही बरोबर. स्टॅफर्डशायरमधल्या एका खाणीत वडिलांनी त्याला उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. काही ओळी होतात न होतात तोच पोराला धाप लागली आणि पाय गळून तो खाली बसला. खाली मात्र श्वास नीट चालू लागला. खाणीतला मिथेन वायू हवेपेक्षा हलका, तो छताशी साचतो, जमिनीलगत माणूस वाचतो, हा धडा त्याला असा मिळाला. आजचे पालक अशा वडिलांना काय म्हणतील ते मी लिहीत नाही. परंतु हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही, हेही खरे.

१९०५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने हाल्डेन पित्याकडे एक प्रश्न सोपवला. खोल पाण्यातून वर आलेले पाणबुडे सांधेदुखीने पिळवटतात, लुळे पडतात, मरतात, हे का? दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्याने उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, सोड्याची बाटली फोडावी तसा, हे तोवर कळले होते. उपाय कळला नव्हता. पित्याने लोखंडी दाबकक्षात बकऱ्या घालून प्रयोग केले. दाब एकदम निम्म्यापर्यंत उतरवला तरी बकरी धडधाकट राहते, त्याहून जास्त उतरवला की ती पाय उचलून लंगडू लागते, असे आढळले. यावरून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार झाली. ती १९०८ साली प्रसिद्ध झाली. मालवणला आम्हांला वर येताना मध्ये थांबायला शिकवले त्याचे मूळ त्या बकऱ्यांपाशी आहे.

बकऱ्यांनंतर माणसांची पाळी आली. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉथसेच्या परिसरात ‘स्पँकर’ या नौदलाच्या जहाजावरून चाचण्या झाल्या. कुटुंबही सोबत होते. तेरा वर्षांच्या जॅकला (घरात त्याला जॅक म्हणत) वडिलांनी पाण्यात उतरू दिले.

त्या काळचा पाणबुड्याचा पोशाख आजच्या वेटसूटाहून अगदी निराळा होता. तांब्याचे वाटोळे शिरस्त्राण, खाली रबर चढवलेल्या जाड कापडाचा सबंध अंगरखा, पायात शिशाचे तळवे असलेले बूट. वरून नळीने हवा पंपाने सोडायची. या पोशाखाचे तत्त्व एकच : पाणी आत येता कामा नये. माणूस आत कोरडा, अंगात लोकरीचे कपडे, आणि ऊब त्या लोकरीची. हात तेवढे उघडे असत, तेव्हा पाणी अडवण्याचे सारे काम मनगटावरच्या रबरी कडांचे. त्या कडा खलाशाच्या मनगटाच्या मापाच्या. मुलाच्या मनगटावर त्या बसणार कशा? पाणी आत येऊ लागले. वरून येणाऱ्या हवेच्या जोरावर तोंडापर्यंत पाणी चढले नाही इतकेच. अंगातली लोकर भिजली, आणि भिजलेली लोकर पाण्यात काय ऊब देणार! तरी पोरगा घाबरून वर आला नाही. ठरलेला वेळ पुरा करूनच त्याने स्वतःला ओढून घेऊ दिले. वर आला तेव्हा कुडकुडत होता. थोडी व्हिस्की पाजून त्याला अंथरुणात घातले. माझ्या वाट्याला शाल आणि मामीचा आल्याचा चहा आला होता. तपशिलाचा फरक.

पुढे ईटन, मग ऑक्सफर्ड. गंमत अशी की, विसाव्या शतकातल्या या मोठ्या जीवशास्त्रज्ञाजवळ विज्ञानाची पदवी नव्हती. गणिताने सुरुवात करून तो ग्रीक-लॅटिनकडे वळला आणि १९१४ साली अभिजात वाङ्मय व तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मग महायुद्ध, ‘ब्लॅक वॉच’ पलटणीत फ्रान्स आणि मेसोपोटेमिया, दोन्हीकडे जखमा. मेसोपोटेमियातल्या जखमेनंतर त्याला हिंदुस्थानात पाठवण्यात आले. देश आवडला, राज्यकर्ता म्हणून वावरणे आवडले नाही. येथल्या लोकांत बरोबरीच्या नात्याने मिसळता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्याने तेव्हाच मनाशी ठरवले होते.

१९२३ ते १९३२ केंब्रिज, त्यानंतर लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज. डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांची सांगड गणिताने घालणाऱ्या तिघांत फिशर आणि राइट यांच्याबरोबर हाल्डेन यांचे नाव घेतले जाते. त्या कामाबद्दल लिहिण्याची माझी पात्रता नाही. पण १९२६ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेला प्राण्यांच्या आकारमानाविषयीचा एक छोटा निबंध मी दोनदा वाचला, कारण त्यात माझ्या कुडकुडण्याचे उत्तर होते.

शरीर उष्णता गमावते ती कातडीवाटे. शरीर लहान होत जाते तसे वजन भराभर घटते, पण कातडीचे क्षेत्रफळ त्या मानाने घटत नाही. हाल्डेन यांनी हिशेब मांडला आहे : पाच हजार उंदरांचे वजन एका माणसाएवढे, पण त्यांची एकूण कातडी माणसाच्या सुमारे सतरा पट. म्हणून उंदराला रोज आपल्या वजनाच्या चौथाई अन्न खावे लागते आणि त्यातले बरेचसे नुसते ऊब राखण्यात जाते.  तेव्हा होडीत बसून माझ्यावर हसणारे जे वजनदार गृहस्थ होते त्यांना थंडी न वाजण्यात मर्दुमकी कसलीही नव्हती. ते केवळ भूमिती होती. काटकुळ्या माणसाने त्याच पाण्यासाठी जाड सूट घ्यावा, याला याहून भक्कम आधार मला ठाऊक नाही.

परंतु हाल्डेन पाण्याकडे परतले ते निबंधासाठी नव्हे. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली. आत १०३ माणसे होती. त्यांत नौसैनिकांबरोबर गोदीतले कारागीरही होते. पाणबुडीची शेपटी बराच वेळ पाण्यावर दिसत होती, तरी वाचले फक्त चार. ९९ जण आत गुदमरून गेले. मेलेल्या कामगारांच्या संघटनांनी चौकशीसाठी हाल्डेन यांना गाठले. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चार जण गोळा केले आणि त्यांच्यासह स्वतःला एका पोलादी कोठडीत बंद करून घेतले. स्वतःच्याच उच्छ्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड साचत गेला की माणसाला धाप केव्हा लागते, डोके केव्हा ठणकू लागते, सुटकेची उपकरणे हाताळण्याइतके भान केव्हापर्यंत राहते, हे त्यांना पाहायचे होते. उलट्या झाल्या, डोकी फुटायची वेळ आली. आकडे मात्र मिळाले.

मग युद्ध सुरू झाले आणि नौदलानेच त्यांना बोलावले. पाणबुडीतून निसटणारा माणूस एकाच वेळी तीन संकटांत असतो : भारी दाब, दूषित हवा आणि गारठा. एकेक संकट वेगळे अभ्यासून काय उपयोग? म्हणून दाबकक्षात बर्फ घातलेल्या पाण्याचे टब ठेवले गेले आणि पन्नाशीकडे झुकलेले प्राध्यापक हाल्डेन त्यात बसले. दहा वातावरणांचा दाब, श्वासात कार्बन डाय-ऑक्साइड, अंगाभोवती वितळता बर्फ. त्या स्थितीत साधी गणिते सोडवायची, बाहेरच्यांनी नाडी आणि भान यांच्या नोंदी घ्यायच्या. कधी शुद्ध हरपे, मग बाहेर काढून पुन्हा शुद्धीवर आणत. सहकारी मार्टिन केस आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्पर्वे यांनीही असले प्रयोग स्वतःवर करून घेतले. निव्वळ ऑक्सिजन दाबाखाली घेतला तर झटके येतात, हे यातून पक्के झाले. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले आणि ते दुखणे जन्माचे सोबती झाले. कानाचे पडदे फाटले. ऑक्सिजनला चव नसते असे आपण शाळेत शिकतो. भारी दाबाखाली तो किंचित गोड, पातळ शाईसारखा लागतो अशीही नोंद त्यांनी केली. शाईची चव त्यांना कशी ठाऊक, हा प्रश्न माझ्या मनात आला खरा!

याच काळात ब्रिटिश पाणबुडे टॉर्पेडोच्या आकाराच्या ‘चॅरिअट’ वाहनावर घोड्यासारखे बसून उत्तरेच्या गोठवणाऱ्या समुद्रात शत्रूच्या जहाजांवर जात. त्यांचा पोशाख संपूर्ण बंद, रबरी. बाहेरचे पाणी आत येत नसे, पण आतला दमटपणाही बाहेर जात नसे. सैनिकांनी त्या पोशाखाचे नावच मुळी ‘ओलसर गार मरण’ अशा अर्थाचे ठेवले होते. थंड पाण्यात जाणाऱ्या माणसाला कोरडे ठेवायचे, हाच एक मार्ग तेव्हाच्या जाणकारांना दिसत होता. माणूस कोरडा राहिला पाहिजे हा आग्रहच सोडून देण्याचे श्रेय ह्यू ब्रॅडनर या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकाकडे जाते. १९५१-५२ च्या सुमारास त्यांनी असे मांडले की ऊब कोरडेपणात नाही, पोशाखाच्या द्रव्यात अडकलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांत आहे. फेसाळ निओप्रीन रबर घ्या, अंगाला चिकटून बसेल असे शिवा. थोडे पाणी आत आले तर येऊ द्या, ते जागचे हलले नाही म्हणजे झाले.

सारी मेख या न हलण्यात आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. अंगालगतचा पातळ थर शरीराने एकदा तापवला आणि तो तेथेच राहिला तर पुन्हा तापवण्याचे कष्ट नाहीत. ढगळ सुटात मात्र प्रत्येक हालचालीसरशी तापलेले पाणी बाहेर आणि गार पाणी आत. मी मालवणला अर्धा तास अरबी समुद्र तापवत बसलो होतो! तेव्हा सूट निवडताना आधी जाडी विचारण्यात अर्थ नाही, आधी बसणी पाहावी. मनगट, घोटा आणि मान येथे कड कातडीला टेकलेली हवी. काखेत आणि कमरेमागच्या खळग्यात हवेचा फुगा राहता कामा नये. उकिडवे बसून, हात वर करून, छाती भरून श्वास घेऊन हे तपासता येते. याच्या उलट टोकाचा घट्टपणाही वाईट. गळा आवळला तर घेरी येते आणि छाती आवळली तर श्वास उथळ होतो, आणि पाण्याखाली उथळ श्वास म्हणजे संकटाला आमंत्रण. त्यानंतर जाडीचा विचार. आपल्या किनाऱ्याला बहुतेकांना तीन मिलिमीटर पुरतो. जो माझ्यासारखा किडकिडीत, किंवा दिवसातून तीनदा उतरणारा, त्याने पाच घ्यावा. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, त्यासरशी रबरातले बुडबुडे चेपतात आणि सूट पातळ होतो, म्हणजे जेथे गारठा अधिक तेथेच ऊब कमी. वर्षानुवर्षे वापरलेल्या सुटाचे रबर तर कायमचेच चेपलेले असते. भाड्याचा सूट बोटांत दाबून पाहावा. पापडासारखा लागला तर दुसरा मागावा. मागायला लाज वाटते, हे मी अनुभवाने सांगतो.

असो. हाल्डेन यांच्याकडे परत येतो.

युद्धकाळात ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, पक्षाच्या दैनिकात विज्ञानावर शेकडो लेख लिहिले, आणि पुढे पक्षापासून दूरही गेले. सोव्हिएत रशियात लायसेंको या कृषितज्ज्ञाने आनुवंशशास्त्राचा जो छळ मांडला त्याविरुद्ध बोलायला त्यांनी फार वेळ लावला, हे त्यांच्या चाहत्यांनाही कबूल करावे लागते. दुसऱ्याच्या हवेची परीक्षा स्वतःच्या छातीवर करणारा माणूस येथे दुसऱ्यांच्या शब्दावर का विसंबला, हे कोडे मला सुटलेले नाही.

१९५६ साली ब्रिटनने सुएझवर हल्ला केला. आपण देश सोडत आहोत त्याचे एक कारण म्हणून हाल्डेन यांनी तो जाहीरपणे पुढे केला आणि १९५७ साली महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते हेलनसह कलकत्त्यास आले. मनाशी ठरवल्यानंतर चाळीस वर्षांनी. येथे त्यांनी मांसाहार सोडला, पायमोजे सोडले, कुडता घातला. साठ वर्षे मोजे घातले तेवढे पुरे झाले, असे ते सांगत. थंड समुद्रात भिजल्या लोकरीत उभा राहिलेला मुलगा अखेरीस उकाड्याच्या देशात सैल सुती कपड्यांत आला. पोशाख हवेप्रमाणे हवा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

उपकरणे नाहीत म्हणून रडणाऱ्या विद्यार्थ्यांना ते बागेत पाठवीत. फुलांच्या पाकळ्या मोजा, गांडुळांनी वर टाकलेली माती तोला, माडाच्या झावळ्यांचा पीळ डावा की उजवा ते पाहा, आणि त्याचा उत्पन्नाशी काही संबंध लागतो का तेही पाहा. कोकणातल्या माणसाने आयुष्यभर माडाखाली बसून हे कधी पाहिलेले नसते. मी मामाच्या परसात पाहिले. चार डावे, तीन उजवे.

संस्थेशी बिनसल्यावर १९६१ साली त्यांनी कलकत्त्याची जागा सोडली. तोवर ते भारताचे नागरिक झालेले होते. १९६२ पासून भुवनेश्वरला ओरिसा सरकारच्या साहाय्याने त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. पुढच्याच वर्षी आतड्याचा कर्करोग निघाला. लंडनच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी आपल्या दुखण्यावर एक विनोदी कविता लिहिली, लोकांनी लाज सोडून वेळीच डॉक्टरकडे जावे म्हणून. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देह त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. तो आंध्रातल्या काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी गेला. तेथील विद्यार्थ्यांना त्या पाठीतले चेपलेले मणके दिसले असतील काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यंदाच्या सुटीत पुन्हा मालवणला गेलो. त्याच ठिकाणी. सूट देणाऱ्या दादांना म्हटले, पहिला नको, दुसरा दाखवा. दुसराही मनगटाला सैल. दादा वैतागले, होडी खोळंबली, मागून कोणीतरी नवरदेव म्हणून हाक मारली. तिसरा, पाच मिलिमीटरचा, चढवायला मला घाम फुटला. पाठीमागची चेन दादांनीच ओढून दिली. पाण्यात पाय टाकताच मानेमागून एक गार ओघळ कमरेपर्यंत उतरला. मी वाट पाहिली. तो तेथेच थांबला, आणि थोड्या वेळाने तो गार आहे की कोमट हे मला सांगता येईना. वर आलो तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती, आणि दोन्ही मनगटांवर रबराचे लाल वळ उमटले होते.